गुठळी काढण्याच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर: फुप्फुसातला रक्तप्रवाह खाटेपाशीच कसा पाहावा

फुप्फुसाच्या धमनीतली गुठळी काढून पेशंट आयसीयूत आला, की पहिल्या रात्री सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न असतो: जिथे रक्त पोचत नव्हतं, तिथे आता पोचतंय का? याचं उत्तर सीटी अँजिओग्राफी देते, व्हीक्यू स्कॅन (फुप्फुसातली हवा आणि रक्त यांची वाटणी दाखवणारा) देतो, पण दोन्हींसाठी पेशंटला हलवावं लागतं. छातीत ड्रेन, चार इन्फ्युजन पंप, व्हेंटिलेटरच्या नळीत नायट्रिक ऑक्साइड, उजवं हृदय जेमतेम तग धरून असलेलं. अशा पेशंटला लिफ्टमधून खाली नेऊन परत आणणं हाच मोठा धोका. इको खाटेपाशी होतो, पण तो उजव्या हृदयावरचा ताण सांगतो. फुप्फुसाच्या कुठल्या भागात रक्त गेलं, हे त्याला सांगता येत नाही.

ही उणीव काही प्रमाणात भरून काढणारी पद्धत म्हणजे इलेक्ट्रिकल इम्पिडन्स टोमोग्राफी, थोडक्यात ईआयटी. छातीभोवती पट्टा, सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेतल्या नळीतून) तीव्र मिठाच्या पाण्याचा छोटा बोलस (एका दमात दिलेला डोस) आणि काही सेकंद रोखलेला श्वास, एवढ्यावर ही तपासणी होते. हा लेख आयसीयूतले रेसिडेंट, भूलतज्ज्ञ, सिस्टर आणि परफ्युजनिस्ट यांच्यासाठी आहे. ईआयटीवर हवेचं चित्र पाहायची सवय आहे, पण रक्तप्रवाहाचं चित्र कधी काढलं नाही, असा वाचक गृहीत धरला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रक्तप्रवाहाच्या एकट्या चित्रावरून कसलाही निष्कर्ष काढू नका. त्याच पेशंटचं शस्त्रक्रियेआधीचं चित्र, त्याच मिनिटाचं हवेचं चित्र आणि हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतंय तो आकडा, असे तिन्ही सोबत असतील तरच त्या रंगीत डागांना अर्थ आहे.

यंत्र नक्की काय मोजतं

पट्ट्यात बहुधा १६ किंवा ३२ इलेक्ट्रोड असतात. जाणवणारही नाही इतका सौम्य प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह जोडीजोडीने सोडला जातो आणि बाकीच्या जोड्यांवर व्होल्टेज मोजलं जातं. १६ इलेक्ट्रोडच्या पट्ट्यात एका फेरीत २०८ मोजमापं होतात. त्यांतून छातीच्या एका आडव्या कापाचं चित्र तयार होतं, आणि आजची यंत्रं सेकंदाला ५० पर्यंत अशी चित्रं काढतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शेफील्डमध्ये बार्बर आणि ब्राउन यांनी या तंत्राचा पाया घातला. खाटेपाशी रोज वापरता येण्याजोगी यंत्रं मात्र बरीच नंतर आली.

हवेतून वीज सहज जात नाही. त्यामुळे श्वास आत घेतला की त्या भागाचा विद्युतरोध वाढतो, आणि सोडला की कमी होतो. हे झालं हवेचं चित्र. रक्ताचं चित्र काढताना उलट घडवून आणायचं असतं. श्वास रोखून हवेमुळे होणारा बदल थांबवायचा आणि मग रक्तापेक्षा कितीतरी चांगला वाहक असलेला मिठाचा बोलस शिरेतून सोडायचा. तो बोलस उजव्या हृदयातून फुप्फुसात शिरतो, आणि जिथे जिथे पोचतो तिथला रोध खाली येतो. जिथे उतार तीव्र, तिथे रक्त जास्त. जिथे रेघ सपाट, तिथे बोलस पोचलाच नाही.

बोलस न देता, हृदयाच्या ठोक्याबरोबर रोधात होणाऱ्या बारीक बदलावरूनही काही यंत्रं ‘रक्तप्रवाह’ दाखवतात. गुठळीच्या पेशंटमध्ये त्यावर विसंबू नका. ठोक्याबरोबरचा बदल हा रक्तवाहिनीच्या फुगण्या-आकसण्याचा असतो. धमनीतला दाब, वाहिनीचा ताठरपणा आणि हृदयाची हालचाल यांनीही तो बदलतो. नाडी लागते म्हणजे पुढे रक्त वाहतंच, असं नाही.

कोणाला करायची नाही

पेसमेकर किंवा शरीरात बसवलेला डिफिब्रिलेटर असेल तर नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर तात्पुरत्या पेसिंग वायर असतात. पेशंट त्या पेसिंगवर अवलंबून असेल तर माझ्या मते ही तपासणी टाळावीच, आणि वायर नुसत्या गुंडाळून ठेवल्या असतील तरी यंत्राच्या पुस्तिकेत काय म्हटलंय ते आधी वाचावं. पट्ट्याच्या जागी उघडी जखम असेल, पाठीच्या कण्याची अस्थिरता असेल, तरीही नाही. सोडियम आधीच बरंच वाढलेलं असेल तर बोलस द्यायच्या आधी दोनदा विचार करा. १० टक्के मिठाच्या १० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण १७ मिलिमोल सोडियम जातं. एकदा दिलं तर मोठ्या माणसाच्या रक्तातलं सोडियम फारसं हलत नाही, पण दिवसातून चार वेळा दिलं तर हिशेब ठेवावा लागतो.

श्वास रोखणं झेपणार नसेल, म्हणजे ऑक्सिजन आधीच काठावर असेल किंवा रक्तदाब क्षणाक्षणाला डळमळत असेल, तर थांबा. स्थिरावल्यावर करा.

एक्मोवरच्या, म्हणजे शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्रावरच्या पेशंटचा प्रश्न वेगळा आहे. रक्त खेचून घेणारी कॅन्युला तुमचा बोलसही खेचून घेते. उरलेला भाग फुप्फुसात जातो, पण किती आणि कसा, हे ठरवता येत नाही. व्हीए एक्मोवर (शिरेतून घेतलेलं रक्त धमनीत परत देणाऱ्या) काढलेल्या ‘रिकाम्या’ फुप्फुसाच्या चित्रावरून नवी गुठळी शोधायला निघालात तर दिवस वाया जाईल.

आधीचं चित्र: कधी आणि कसं

जुन्या गुठळ्यांमुळे फुप्फुसाच्या धमनीतला दाब वाढलेला असतो, अशा पेशंटची एंडार्टरेक्टमी (जुनी गुठळी धमनीच्या आतल्या थरासकट सोलून काढणं) ठरवून केलेली शस्त्रक्रिया असते. तीन महिने नीट रक्त पातळ ठेवूनही गुठळी विरघळली नाही, हे सिद्ध झाल्यावरच तिचा विचार होतो. म्हणजे आधीचं चित्र काढायला भरपूर वेळ असतो, तरी नेमकं तेच राहून जातं. सेंट्रल लाइन भूल दिल्यानंतर पडते, आणि एकदा ती पडली की सर्जन घाईत असतात.

माझी शिफारस: भूल देऊन, ट्यूब टाकून, लाइन पडल्यावर आणि छाती निर्जंतुक करण्याच्या आधी दहा मिनिटं मागून घ्या. हे आदल्या दिवशीच ठरवा, ऐनवेळी नाही. जागेपणी स्वतः श्वास घेणाऱ्या पेशंटचं चित्र आणि शस्त्रक्रियेनंतर व्हेंटिलेटरवरचं चित्र यांची तुलना लंगडी असते, कारण भूल आणि कृत्रिम श्वासामुळे हवेची वाटणीच बदलते. भूल दिल्यावर पाठीकडचा भाग दबतो आणि हवा पुढच्या भागाकडे सरकते. तो बदल शस्त्रक्रियेच्या माथी मारला जातो. डायाथर्मी (विजेने कापणं आणि रक्त थांबवणं) सुरू झाली की सिग्नल गेलाच म्हणून समजा, त्यामुळे जे करायचं ते त्याआधी.

ताज्या, जीवघेण्या गुठळीसाठी तातडीने शस्त्रक्रिया किंवा कॅथेटरने गुठळी ओढून काढणं चाललं असेल, तर आधीच्या चित्रासाठी एक मिनिटही थांबू नका. तिथे काढल्यानंतरचं पहिलं चित्र हाच तुमचा पाया. कॅथेटरच्या प्रक्रियेत पट्टा लावून ठेवायचा मोह होतो, पण तो फ्लुओरोस्कोपीच्या (पडद्यावरच्या चालत्या एक्स-रेच्या) आड येतो.

पट्टा बांधणं

बगलेखाली, चौथ्या-पाचव्या बरगड्यांच्या फटीच्या पातळीवर, छातीला काटकोनात. खाली सरकला तर डायाफ्राम कापात शिरतो आणि प्रत्येक श्वासाला चित्र फसवतं. ट्यूब टाकल्यानंतरच्या चित्रासाठी पट्टा बसला, की स्किन मार्करने दोन्ही बगलांखाली आणि मध्यरेषेवर खुणा करून ठेवा. शस्त्रक्रियेनंतर पट्टा त्याच पातळीवर बसला नाही तर तुम्ही दोन वेगळे काप एकमेकांशी ताडून पाहताय. निर्जंतुकीकरणात मधली खूण पुसली जाते, बगलेतली बहुधा टिकते. खुणेपासून बगलेच्या घडीपर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवलंत तर काळजीच नाही.

शस्त्रक्रियेनंतर छातीच्या मध्यावर उरोस्थीचा टाका आणि त्यावरचं ड्रेसिंग असतं. पट्ट्याचं पुढचं टोक नेमकं तिथेच येतं. पट्टा ड्रेसिंगवरून ओढून बसवू नका, कारण त्या इलेक्ट्रोडचा संपर्क तुटतो आणि जखमेवर दाब येतो. ड्रेसिंग अरुंद असेल तर दोन्ही बाजूंचे पहिले इलेक्ट्रोड त्याच्या कडेला बसतात. प्लुरल ड्रेन पट्ट्याच्याच पातळीवर असेल तर पट्टा एका बरगडीने वर घ्या, आणि तसं नोंदवा. एखाद-दुसऱ्या इलेक्ट्रोडचा संपर्क खराब असला तरी बरीच यंत्रं काम चालवून घेतात. त्याहून जास्त लाल दिसत असतील तर पुढे जाऊ नका.

कोरडी त्वचा असेल तर ती ओलसर करा किंवा यंत्रासोबतचं जेल वापरा. संदर्भ इलेक्ट्रोड पोटावर. मॉनिटरवर ईसीजीच्या इलेक्ट्रोडमधून श्वासाचा दर मोजण्याची सोय चालू असेल तर बंद करा, तीही रोधच मोजते आणि दोन्ही यंत्रं एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करतात. हवा भरून-सोडून दाब बदलणारी गादी असेल तर ती थांबवा. ही गादी भल्याभल्यांना चकवते: हवेच्या आलेखावर संथ लाट दिसत राहते, आणि कारण मात्र पेशंटच्या पाठीखाली गुरगुरत असतं.

बोलसची तयारी

इथे जरा रेंगाळतो, कारण चित्र बिघडलं तर पुन्हा काढता येतं, सिरिंज चुकली तर नाही.

साधारणपणे ५ ते १० टक्के सोडियम क्लोराइडचे १० मिलिलिटर वापरतात. तुमच्या युनिटने एक तीव्रता ठरवावी आणि तीच कायम ठेवावी. साध्या ०.९ टक्के सलाइनने रक्ताच्या तुलनेत फरक इतका कमी पडतो की चित्र भरवशाचं येत नाही. तीव्र मिठाची ॲम्पूल आणि पोटॅशियम क्लोराइडची ॲम्पूल दिसायला सारखी असू शकते, आणि पोटॅशियमचा असा झटपट बोलस म्हणजे मृत्यू. म्हणून ॲम्पूल दोघांनी मोठ्याने वाचायची, सिरिंजवर ताबडतोब लेबल लावायचं आणि ॲम्पूल तपासणी संपेपर्यंत ट्रेमध्येच ठेवायची. भरलेली पण न वापरलेली सिरिंज ट्रॉलीवर मागे ठेवायची नाही. ती दिसते अगदी फ्लशच्या सिरिंजसारखी, आणि पुढच्या शिफ्टमधलं कोणीतरी ती फ्लश म्हणूनच वापरेल.

हवेचे बुडबुडे नीट काढा. या पेशंटमध्ये उजव्या कर्णिकेतला दाब वाढलेला असतो, आणि दोन कर्णिकांमधलं जन्मतः राहिलेलं छोटं छिद्र उघडं असेल तर बुडबुडा थेट डावीकडे, तिथून मेंदूकडे जाऊ शकतो.

कोणत्या ल्युमेनमधून (लाइनमधल्या कोणत्या मार्गातून) द्यायचं? नॉरॲड्रिनलिन, मिलरिनोन किंवा दुसरं कुठलंही हृदयाचं औषध ज्यातून चाललंय, त्यातून कदापि नाही. नळीत भरून राहिलेलं औषध तुमच्या बोलसबरोबर एका दमात आत ढकललं जाईल. मोकळं, रुंद ल्युमेन हवं, मानेतल्या किंवा कॉलरबोनखालच्या लाइनचं. हाताच्या शिरेतून दिलं तर बोलस वाटेतच विस्कटतो आणि शीर जळते ते वेगळंच. मांडीतल्या लाइनमधूनही तो उशिरा आणि पसरट पोचतो. पेशंटला पल्मनरी आर्टरी कॅथेटर असेल तर त्याचं उजव्या कर्णिकेत उघडणारं तोंड चालतं. टोकाचं तोंड चालत नाही: ते एका बाजूच्या धमनीत असतं, बोलस त्याच बाजूला जाईल, आणि दुसरं फुप्फुस पूर्ण काळं दिसेल. पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकवणारं चित्र, आणि साफ खोटं.

प्रत्यक्ष तपासणी

माणसं तीन लागतात. एक व्हेंटिलेटरपाशी, एक सिरिंजपाशी, एक ईआयटीच्या पडद्यापाशी. आकडे पडद्यापाशी असलेल्याने मोठ्याने मोजायचे, बाकीच्यांनी गप्प राहायचं.

आधी दोन-तीन मिनिटं शांत नोंद घ्या. या काळात सक्शन, कूस बदलणं, एक्स-रे, काही नाही. हवेचं चित्र याच नोंदीतून निघणार आहे. पेशंट स्वतः श्वास ओढत असेल तर श्वास रोखणं फसतं. गुंगी आणि गरज पडली तर स्नायू शिथिल करणारं औषध पुरेसं आहे ना, ते पाहा. नंतरच्या दिवसांत पेशंट जागा असेल तर त्याला आधी एकदा सराव करून घ्या: श्वास सोडा, थांबा, मी सांगेपर्यंत थांबा.

मग व्हेंटिलेटरवर श्वास सोडल्यानंतरचा होल्ड दाबा. काही ठिकाणी श्वास आत घेऊन होल्ड करतात. उजवं हृदय कमकुवत असताना छातीतला दाब आणखी वाढवायला मला आवडत नाही, म्हणून या पेशंटमध्ये मी उच्छ्वासाच्या शेवटीच थांबवावं असं सांगतो. कुठलंही निवडा, पण आधी आणि नंतर एकच. पडद्यावरची रेघ सपाट झाली, एक-दोन सेकंद गेले, की ‘द्या’. १० मिलिलिटर एका दमात, दोन सेकंदांच्या आत. हळूहळू दाबलेला बोलस फुकट जातो.

काही सेकंदांत एकूण रोधाची रेघ खाली वळते. आधी मध्यभागी, हृदयाच्या जागी, मग दोन्ही बाजूंना फुप्फुसात, शेवटी पुन्हा मध्याकडे, डाव्या हृदयात. एकूण होल्ड किमान ८ सेकंदांचा. उजवं हृदय थकलेलं आणि ट्रायकस्पिड झडप गळत असेल तर बोलस उजव्या बाजूलाच घोटाळत राहतो, अशा वेळी १२ ते १५ सेकंद लागू शकतात. नेमक्या याच पेशंटमध्ये लोक ठरल्या ८ सेकंदांवर सोडतात, बोलस फुप्फुसात पोचायच्या आधीच श्वास सुरू होतो आणि अहवालात ‘रक्तप्रवाह अत्यल्प’ असं येतं. रेघ तळाला टेकून वर वळायला लागली की सोडा. ऑक्सिजन किंवा रक्तदाब घसरला तर त्याआधी सोडा, चित्राची पर्वा न करता.

रेघ हललीच नाही तर लगेच दुसरा बोलस देऊ नका. आधी लाइन पाहा: स्टॉपकॉक बंद, ल्युमेन चोंदलेलं, सिरिंज गळकी. दुसरा प्रयत्न रेघ मूळ पातळीवर येऊन स्थिरावल्यावरच.

तपासणीच्या वेळची ही नोंद त्याच कागदावर हवी: पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब), टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा), ऑक्सिजनचं प्रमाण, नायट्रिक ऑक्साइड किती, पेशंटची स्थिती आणि डोक्याकडची उंची, कार्डियाक आउटपुट (हृदय मिनिटाला ढकलतं ते रक्त), फुप्फुसाच्या धमनीतला दाब, एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) आणि त्याच क्षणीचा एंड-टायडल (सोडलेल्या श्वासाच्या शेवटचा) कार्बन डायऑक्साइड.

चित्र तयार करताना

सॉफ्टवेअर बरंचसं स्वतः करतं, पण दोन गोष्टी माणसानेच पाहायच्या. पहिली, उतार मोजायची खिडकी. उजव्या हृदयातली घसरण संपून फुप्फुसातली सुरू होते तिथून पुढचाच भाग घ्यायचा. दुसरी, हृदयाचा भाग वगळणं. तो नीट वगळला नाही तर डाव्या फुप्फुसाच्या पुढच्या भागात भरघोस रक्त असल्याचा भास होतो. शस्त्रक्रियेनंतर हृदय थोडं सरकलेलं किंवा उजवी बाजू आकसलेली असू शकते, म्हणून हृदय वगळायला आधी आखलेला मुखवटा जसाच्या तसा चिकटवू नका.

चित्राची दिशा सीटीसारखी असते: पेशंटची उजवी बाजू तुमच्या डावीकडे, छाती वर, पाठ खाली.

हवा आणि रक्त, दोन्हींची चित्रं एकमेकांवर ठेवली की तीन रंग उरतात. जिथे हवा आहे पण रक्त नाही तो डेड स्पेस, जिथे रक्त आहे पण हवा नाही तो शंट, आणि दोन्ही आहेत तो जुळलेला भाग. बीजिंगमधल्या एका गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ईआयटीवरचा डेड स्पेस सुमारे ३० टक्क्यांच्या वर असेल तर ताज्या गुठळीची शक्यता दाट, असं दिसलं. तो आकडा संशय घेण्यापुरता वापरा. त्यावर निदान उभं करू नका, कारण पीप जास्त असेल तर पुढचा भाग फुगून तिथल्या केशवाहिन्या दबतात आणि गुठळी नसतानाही अगदी तसंच चित्र तयार होतं.

टक्के फसवतात

ईआयटीवरचा रक्तप्रवाह टक्क्यांत येतो: एकूण शंभर, त्यात या चतुर्थांशाचा (कापाच्या चार भागांपैकी एकाचा) वाटा इतका. एकाचा वाटा वाढला की दुसऱ्याचा कमी दिसणारच. गुठळी काढल्यावर नेमकं हेच घडतं.

समजा, शस्त्रक्रियेआधी उजव्या पाठीकडच्या चतुर्थांशाचा वाटा ८ टक्के होता आणि डाव्या पुढच्या चतुर्थांशाचा ३५ टक्के. कार्डियाक आउटपुट मिनिटाला ३.५ लिटर. शस्त्रक्रियेनंतर उजवा २२ टक्के झाला, डावा २६ वर आला. आउटपुट ५.२ लिटर. नुसते टक्के पाहिले तर वाटेल, उजवीकडे सुधारणा आणि डावीकडे घसरण, डावीकडे नवी गुठळी तर नाही? आता गुणाकार करा. उजवीकडे ०.२८ लिटरवरून १.१४ लिटर. डावीकडे १.२३ वरून १.३५. डावीकडचं रक्त कमी झालेलंच नाही, उलट किंचित वाढलंय.

हा गुणाकार अंदाजेच आहे, कारण पट्टा फुप्फुसाचा एकच जाड काप पाहतो आणि आउटपुट सगळ्या फुप्फुसाचं असतं. तरी दिशा कळायला तो पुरतो. आणि या पेशंटमध्ये आउटपुट मोजणारं कॅथेटर बहुधा आधीच असतं, मग आकडा वापरायचा नाही तर कशाला?

खरी घसरणही दिसू शकते. वर्षानुवर्षं सगळं रक्त झेललेल्या चांगल्या भागातल्या बारीक वाहिन्या जाड होऊन बसलेल्या असतात. नवी वाट मोकळी झाली की रक्त तिकडे वळतं आणि जुन्या चांगल्या भागात ते कमी होतं. याला स्टील म्हणतात. पहिल्या दिवसांत ते दिसणं अपेक्षित आहे, आणि पुढे हळूहळू वाटणी सुधारते. पण ‘स्टील असेल’ म्हणून हात झटकण्याआधी फुप्फुसाच्या धमनीतला दाब पाहा. दाब उतरलेला आणि आउटपुट चांगलं असेल तर स्टील म्हणायला हरकत नाही. दाब पुन्हा चढत असेल तर तो शब्द वापरायची मुभा नाही.

चित्र वाचून पुढे काय

सर्वांत सुखाचं चित्र: आधी काळा असलेला भाग उजळला, हवाही तिथे जातेय, डेड स्पेस कमी. एबीजीतला कार्बन डायऑक्साइड आणि एंड-टायडल यांच्यातली दरी कमी झाली असेल तर दोन स्वतंत्र साक्षीदारांनी एकच गोष्ट सांगितली. चित्र सुधारलं पण दरी तशीच असेल, तर चित्रावर आधी शंका घ्या.

सर्वांत महत्त्वाचं चित्र हे नव्हे. ते पहिल्या २ ते ३ दिवसांत येऊ शकतं: उघडलेल्या भागात रक्त भरपूर, पण हवा गायब. कालपर्यंतचा डेड स्पेस आज शंट झाला. ऑक्सिजन घसरतो आणि गुठळी पुन्हा झाली की काय, असं वाटून घबराट उडते. चित्र मात्र उलट सांगतंय: रक्त पोचलंय, आणि पोचलंय म्हणूनच तो भाग पाण्याने भरलाय. हा रीपरफ्युजन इडिमा. तो नेमका सोलून मोकळ्या केलेल्या भागातच होतो, म्हणून आधीच्या चित्राशी ताडून पाहिल्यावर ओळखू येतो. तेच चित्र श्वासनलिकेत रक्तस्राव झाल्यावरही येतं, आणि नुसता भाग दबला असेल तरीही. म्हणून ट्यूबमधून काय येतंय ते पाहा, एक्स-रे घ्या, सोनोग्राफीचा प्रोब लावा, रक्ताची शंका असेल तर ब्रॉन्कोस्कोपी. पीप वाढवायचं ठरवलंत तर ईआयटी चालू ठेवूनच वाढवा: मागचा भाग उघडतोय, की पुढचा नुसता फुगतोय, हे हवेच्या चित्रावर लगेच दिसतं. रक्तदाब आणि आउटपुट त्याच वेळी पाहत राहा, कारण फुगलेलं फुप्फुस उजव्या हृदयाच्या वाटेत धोंड आणतं.

तिसरं चित्र: भाग आधीसारखाच काळा, हवा व्यवस्थित. गुठळी राहिली असेल, सर्जनच्या हाताला न लागणाऱ्या बारीक वाहिन्यांचा आजार असेल, किंवा पुन्हा गुठळी झाली असेल. या तिघांत फरक करणं ईआयटीच्या कुवतीबाहेर आहे. दाब, इको, प्लेटलेट आणि शस्त्रक्रियेचा तपशील घेऊन सर्जनशी बोला. हेपरिन (रक्त पातळ करणारं औषध) चालू असताना प्लेटलेट झपाट्याने उतरत असतील तर ते आधी सांगा. पेशंट हलवून सीटी करायचा निर्णय इथे घेतला जातो, आणि तो घ्यायला हे चित्र मदत करतं.

हवा आणि रक्त दोन्ही नसलेला भाग बहुधा दबलेला असतो, किंवा प्लुरामध्ये पाणी वा हवा असते. हवा नसेल तिथल्या वाहिन्या आकसतात, तेव्हा रक्त नसणं हे तिथे दुय्यम. आधी फुप्फुस उघडा, मग पुन्हा बोलस देऊन पाहा.

कुठे विसंबू नये

काप एकच आहे. फुप्फुसाचं टोक आणि तळ त्यात येत नाही, आणि जुन्या गुठळ्यांना खालचे भाग आवडतात. चित्राचा बारकावा इतका कमी आहे की एखादा छोटा सेगमेंट बंद असेल तर तो दिसणार नाही. दोन्ही बाजूंना सारखाच पसरलेला बारीक वाहिन्यांचा आजार असेल तर वाटणी छान समतोल दिसेल आणि फसवेल. श्वासनलिकांना रक्त पुरवणाऱ्या धमन्यांतून या पेशंटच्या फुप्फुसात बरंच रक्त येतं, ते पहिल्या फेरीच्या बोलसमध्ये उमटत नाही. जुन्या गुठळ्यांचा हा आजार आहे की नाही, हे ठरवण्यासाठी व्हीक्यू स्कॅन आणि उजव्या हृदयाचं कॅथेटरायझेशन लागतं, त्यांची जागा ईआयटी घेत नाही.

किती वेळा आणि अहवाल कसा

मी सुचवेन ते असं: भूल दिल्यावर एक, आयसीयूत येऊन स्थिरावल्यावर एक, २४ तासांनी एक, आणि त्यानंतर फक्त प्रश्न पडला तर. ट्यूब काढण्याआधी एक घेतलंत तर वाया जात नाही. रोज सकाळी घ्यायचंच म्हणून घेऊ नका. प्रत्येक बोलसला आणि प्रत्येक होल्डला किंमत आहे.

अहवालात ‘रक्तप्रवाह सुधारला’ एवढंच लिहू नका. असं लिहा: ‘पट्टा पाचव्या फटीत, आधीच्याच खुणेवर. होल्ड उच्छ्वासाच्या शेवटी, १० सेकंद. हृदय वगळलं. उजवा मागचा चतुर्थांश ८ वरून २२ टक्के, आउटपुट ३.५ वरून ५.२. त्याच भागात हवा आधीइतकीच. डेड स्पेस कमी, शंट किंचित वाढला. पीप आधी ५, आता ८, त्यामुळे पुढच्या भागाची तुलना जपून.’ रात्री दोन वाजता ऑक्सिजन घसरल्यावर बोलावलेल्या डॉक्टरला या ओळींचा उपयोग होतो, रंगीत प्रिंटआउटचा नाही.

आणि तपासणी झाली की पट्टा तसाच बांधून ठेवू नका. सूज आलेल्या, रक्त पातळ केलेल्या पेशंटच्या त्वचेवर काही तासांत वळ उठतात. पट्टा काढा, बगलेखाली आणि पाठीवर हात फिरवून लालसर चट्टा आहे का ते पाहा, आणि खुणा पुसट झाल्या असतील तर पुन्हा गडद करून ठेवा.